वेल्ड केलेला डिफरन्शिअल: ठेवू की काढू?

निळी_कॉन्टेसा (९ जून, रात्री ११:१२)

मंडळी, मार्चमध्ये एक १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक घेतली. १.८ लिटरचं इसुझू इंजिन, पाच गिअर, पत्रा बऱ्यापैकी शाबूत. आधीचा मालक म्हणाला, "थोडं काम केलेलं आहे." थोडं म्हणजे स्प्रिंगा कापलेल्या, सायलेन्सर नावापुरता, ड्रायव्हरला बकेट सीट. हे सगळं डोळ्यांना दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते त्याने सांगितलं नाही: मागचा डिफरन्शिअल वेल्ड करून टाकलेला आहे.

पहिल्याच रात्री सोसायटीच्या तळघरात गाडी लावताना मागून चीं… चीं… आवाज. जमिनीला तो गुळगुळीत रंग आहे, म्हटलं त्याचा असेल. मग लक्षात आलं, बाकी कुणाच्या गाडीचा येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी नाक सरळच जाऊ बघतं, क्लच सोडताना कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटतं, आणि चाकं सरळ झाली की खाली कुठेतरी "खट्ट". ब्रेक चिकटतायत या समजुतीने ड्रम उघडले, एक बेअरिंग बदललं, साडेचार हजार घातले. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं उचलली, एक हाताने फिरवलं आणि हसायलाच लागले.

आता प्रश्न. सरळ रस्त्यावर काहीही त्रास नाही. रोज कोथरूड ते बाणेर ऑफिस आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर, एवढाच वापर. ड्रिफ्ट (मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणं) वगैरे मी करत नाही, वय ४३ आहे. पण खरं सांगायचं तर तीन महिन्यांत गाडीच्या या खोडीची सवय झालीय, थोडं प्रेमही बसलंय. काढायचं तर खर्च आहे. कुणी असा डिफ रोजच्या रस्त्यावर चालवलाय का? नेमकं काय मोडतं? आणि पाऊस तोंडावर आलाय.

खोडकर_पाना (९ जून, रात्री ११:३१)

"ड्रिफ्ट करत नाही, वय ४३ आहे" आणि "थोडं प्रेमही बसलंय" ही दोन वाक्यं इतक्या जवळ जवळ. वहिनींना धागा दाखवलात का? (हलकेच घ्या.)

वाचनमात्र (१० जून, सकाळी ७:०५)

कॉमर्सचा माणूस आहे, रागावू नका. डिफरन्शिअल म्हणजे काय आणि तो वेल्ड का करतात, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का? तोवर चहा घेऊन बसतो.

आजोबा६८ (१० जून, सकाळी ८:२०)

वाचनमात्र, खळं पाहिलंय का कधी? मळणीला मध्ये तिवडा पुरलेला असायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरायची. तिवड्यालगतचा बैल जागच्या जागी पाय हलवल्यासारखा चाले, कडेचा मात्र दमून जाई. म्हणून आमचे वडील म्हातारा बैल आत बांधत. वळणावर गाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकाचं हेच होतं. बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. ताकद तर दोघांना पोचली पाहिजे, आणि ज्याला जितकं चालायचं तितकं चालताही आलं पाहिजे. ही सोय करणारी दातेरी चक्रांची पेटी म्हणजे डिफरन्शिअल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली त्याचं पेटंट घेतलं.

धागाकर्त्यांच्या गाडीत कुणीतरी दोन्ही बैलांचे पाय एकमेकांना बांधून ठेवलेत.

दातेरी_चक्र (१० जून, सकाळी ९:४८)

आजोबा, दंडवत. मी चाकणला ड्राइव्हलाइनमध्येच काम करते. ही पात उद्या नव्या पोरांना सांगणार.

त्यात थोडी आकडेमोड घालते. मागच्या दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर धरा. गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ × π × १.३, म्हणजे सुमारे ८.२ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे चक्कर लहान असो की मोठी, हा आकडा बदलत नाही. चौकात काटकोनात वळलात तर साधारण २ मीटर, यू-टर्न मारलात तर ४. तेरा इंची रिमच्या टायरचा परीघ असतो १.८ मीटरच्या आसपास. म्हणजे दर चौकात टायरचा एक पूर्ण फेरा आणि वर थोडा, दोन्ही टायर मिळून रस्त्याला घासून देतात. मोठ्या वळणावर हेच घासणं शंभर मीटरमध्ये पसरतं म्हणून कळत नाही. तळघरात सगळं एकदम होतं, म्हणून चीं चीं.

तुमचं "खट्ट" म्हणजे हाफ शाफ्टमध्ये, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यात, साठलेला पिळा. टायर रस्त्याला धरून बसलेत, दोघांना वेगवेगळं फिरायचंय, फिरता येत नाही. मग शाफ्ट धुण्याच्या कपड्यासारखा पिळला जातो. टायर निसटला की पिळा सुटतो. कोरड्या काँक्रीटवर हे जास्त, ओल्या किंवा मातीच्या रस्त्यावर कमी, कारण तिथे टायर लवकर हार मानतो.

वेल्ड का करतात, तर साध्या डिफची एक खोड आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे एक चाक चिखलात किंवा हवेत असलं की त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर दुसऱ्यालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. वेल्ड केला की दोन्ही चाकं कायमची एक. ड्रिफ्टवाल्यांना तेच हवं असतं: दोन्ही टायर एकदम सुटायला हवेत.

निळी_कॉन्टेसा (१० जून, रात्री ९:१५)

आज मुद्दाम मोजलं. जाता-येता मिळून २३ काटकोनी वळणं आणि दोन यू-टर्न. तुमच्या हिशेबाने रोज ५५ मीटर टायर घासतोय. मागचे टायर मार्चमध्येच टाकले होते, आता खाली वाकून बघायची हिंमत होत नाहीये.

तेलकट_हात (१० जून, रात्री १०:४०)

आमचं गॅरेज साताऱ्याला, वडिलांपासून. असे चारपाच डिफ हातातून गेलेत, त्यातला एक मीच वेल्ड केलेला आहे आणि त्याची आठवण काढली की अजून बरं वाटत नाही.

निळी दादा, टायर ही सगळ्यात स्वस्त वस्तू. खरी भानगड वेल्डिंगची. आत क्राऊनच्या, म्हणजे इंजिनचा जोर घेणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राच्या, पिंजऱ्यात दोन लहान पिनियन आणि त्यांना अडकलेली दोन मोठी साइड गिअर असतात. वेल्ड म्हणजे हे दात एकमेकांना जोडून टाकायचे. करणारा नीट असला तर पिंजरा बाहेर काढतो, तेल पूर्ण धुतो, गरम करून वेल्ड मारतो आणि हळूहळू थंड करतो. बाकीचे मागचं झाकण उघडून तसंच तेलकट अंगावर चार टाके मारतात, आणि वेल्डिंगचे मणी आतच सोडून देतात. तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे हे बाहेरून कळत नाही.

म्हणून आधी तेल काढा. तेलात चुंबक फिरवा. बारीक चंदेरी लुकण चालेल, ती सगळ्यांच्याच डिफमध्ये असते. पण नखाएवढा तुकडा निघाला तर गाडी त्याच दिवशी उभी करा. तो तुकडा क्राऊन-पिनियनच्या दातांत गेला आणि मागची चाकं खंबाटकीच्या उतारावर जाम झाली, की पुढचं मी सांगायला नको.

अजून दोन गोष्टी, कारण या कुणी सांगत नाही. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले, हवाही सारखी. परिघात एक टक्का फरक पडला तर किलोमीटरमागे १० मीटर घासणं, तेही नाकासमोर सरळ जाताना. पंक्चर झालं म्हणून मागे जुनी वेगळ्या मापाची स्टेपनी लावून कोल्हापूर गाठायचं नाही. पुढचं चाक मागे घ्या, स्टेपनी पुढे लावा. दुसरं, मागचं एकच चाक जॅकवर असताना गिअरमध्ये इंजिन चालू करायचं नाही. साध्या डिफला उचललेलं चाक गरगर फिरत राहतं. तुमच्याकडे जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ओढून नेईल.

दातेरी_चक्र (१० जून, रात्री ११:०२)

तेलकट_हात यांच्याशी सहमत. धातूच्या बाजूने एवढंच: हे गिअर सहसा २०एमएनसीआर५ सारख्या पोलादाचे, वरचा जेमतेम मिलिमीटरभर थर कार्बन मुरवून काचेसारखा कडक केलेला, आतला गाभा चिवट. त्या कडक थरावर थेट वेल्ड मारला की शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि काही तासांनी, कधी काही महिन्यांनी, तिथूनच तडा जातो. जाणकार तो थर आधी घासून काढतात. आमच्याकडच्या एका जुन्या वेल्डरची पद्धत होती: काम झालं की नग गरम राखेत पुरून सकाळपर्यंत ठेवायचा.

ट्रॅक_दिन्या (११ जून, दुपारी १:१७)

लोक उगाच घाबरवतायत. माझ्या ओम्नीचा डिफ दोन वर्षं वेल्ड होता, नाशिकला रोज चालवली, काही झालं नाही. गो-कार्टला डिफरन्शिअल नसतोच, मागचा ॲक्सल म्हणजे एक सरळ दांडा. आख्खं जग कार्टिंगवर गाडी शिकतं. वळायच्या आधी वेग कमी करा, वळणात ॲक्सिलरेटर हलका ठेवा, बास.

दातेरी_चक्र (११ जून, दुपारी २:३०)

दिन्या, कार्टचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि चॅसी मुद्दाम लवचीक असते. स्टिअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या भूमितीमुळे मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं, मग कार्ट तीन चाकांवर वळते. चाक उचललं गेलं नाही तर कार्ट वळायला नकार देते, कोल्हापुरात किंवा कुठेही भाड्याच्या कार्टमध्ये नवखा माणूस हळू चालवतो तेव्हा त्याला हाच अनुभव येतो. बाराशे किलोच्या कॉन्टेसाचं आतलं चाक ऑफिसला जाताना उचललं जात असेल तर निळी दादांचा प्रश्नच वेगळा आहे.

ट्रॅक_दिन्या (११ जून, दुपारी २:४१)

मान्य. पण ओम्नीला खरंच काही झालं नव्हतं.

खोडकर_पाना (११ जून, दुपारी २:५०)

ओम्नीच्या ७९६ सीसीने डिफ मोडायचा म्हणजे मुंगीने उसाचं कांडं मोडल्यासारखं.

घाटवेडा (११ जून, रात्री १०:०८)

लिहू की नको असं चाललं होतं. दिन्यांचा प्रतिसाद वाचून लिहितो.

२०१४ ते २०१७ माझ्या जिप्सीचा मागचा डिफ वेल्ड होता. सह्याद्रीतल्या चिखलाच्या वाटांसाठी केला होता, आणि तिथे तो सोन्यासारखा चालला. लाल मातीच्या चढावर जिथे मित्रांच्या गाड्या एक चाक फिरवत बसायच्या तिथे मी ढेकूळ फोडत वर. त्यामुळे डोक्यात हवा गेली की आपल्याला गाडी समजलीय.

जूनमधला पहिला मोठा पाऊस, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होतो. फोर-व्हील टाकलेला नव्हता, डांबरी रस्त्यावर कशाला टाकायचा. डावीकडे वळण, वेग तिशीच्या आत, दुसरा गिअर. आधीच्या ट्रकचं डिझेल की नुसती पहिल्या पावसाची चिकट माती, माहीत नाही. साध्या डिफला अशा वेळी आतलं चाक एकटं फिरतं, इंजिन ओरडतं, आणि बाहेरचं चाक तेवढ्यात गाडीला बाजूने धरून ठेवतं. ते ओरडणं ही सूचना असते. वेल्डमध्ये सूचनाबिचना काही नाही. दोन्ही टायर एकदम सुटले आणि मागची बाजू माझ्या पुढे आली. मी स्टिअरिंग उलटं मारलं का, पाय काढला का, काही आठवत नाही. गाडी अर्धी फिरून डोंगराकडच्या गटारात बसली.

वळण डावीकडचं होतं आणि गाडी डोंगराकडे गेली, यात माझं कौशल्य शून्य. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने थांबून आधी शिव्या घातल्या, मग दोर दिला. बायको बाजूला बसली होती. ती पाटणपर्यंत एक शब्द बोलली नाही.

कोरड्यात वेल्ड नुसता त्रास देतो, वाईट सवय असलेल्या नातेवाइकासारखा. ओल्यात तो वेगळाच माणूस आहे. निळी दादा, कोल्हापूरला जाताना हायवेवर सरळ रस्ता आहे म्हणून ठीक. पण हौसेने ताम्हिणी-वरंध्याला नेऊ नका.

जिम्नीवाली (१२ जून, सकाळी ८:००)

घाटवेडा, वाचून अंगावर काटा आला. चिखलासाठीच हवं असेल तर आता वेल्डची गरजच काय? माझ्या जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणच ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. थारला मागे मेकॅनिकल लॉक मिळतो, तो चाक घसरलं की लागतो आणि सुटतोही. जुन्या जिप्सीवाल्यांनी मला एक युक्ती शिकवली होती: चाक फिरायला लागलं की हँडब्रेक थोडासा ओढायचा, चारदोन खुट्या. फुकटातला लॉक.

कागलकर (१२ जून, सकाळी ८:४४)

तुमी समदी मोटारीचं बोलालाय, आमच्या ट्रॅक्टरला ह्ये पयल्यापासनं हाय की. सीटखाली डिफ लॉकचं पेडल. ट्रॉली उसाच्या फडात रुतली, एक चाक नुसतंच माती उडवायला लागलं, की टाचेनं पेडल दाबायचं. दोन्ही चाकं एक हुत्यात, ट्रॉली भाईर. भाईर आली की पाय काढायचा. आनि पेडल दाबून स्टेरिंग फिरवायचं न्हाई, ह्ये पयल्या दिवशी शिकीवत्यात.

माझ्या भाच्यानं शिकून न घेता फिरीवलं. ऐन गळीत हंगामात, बांधावर वळताना पाय पेडलवरच. क्राऊनचे दात निघाले गुळाच्या खड्यावानी. तीन आठवडे ट्रॅक्टर उभा, ऊस फडात, मुकादम दारात. तवापासनं भाच्याला घरात समदे 'लॉक' म्हणत्यात.

दादा, तुमच्या गाडीला तर पाय काढायची सोयच न्हाई. कायमचं दाबलेलं पेडल ते.

वाचनमात्र (१२ जून, सकाळी ९:१०)

'लॉक' भाचा वाचून हसून हसून पुरेवाट. आणि आता मला डिफरन्शिअल कळला.

कायद्याचं_बोला (१२ जून, दुपारी १२:२५)

रंगात भंग करतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ राहणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कडक शब्दांत मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

आता नोंदणीपत्रात इंजिन नंबर, चॅसी नंबर, इंधन, रंग, आसनं असतात. डिफरन्शिअलचा रकाना नसतो. त्यामुळे वकील म्हणून मी तुमच्या बाजूने भांडू शकतो. पण रस्त्यात पोलीस झाकण उघडून बघणार नाहीत, हा दिलासा मानू नका. खरी परीक्षा अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर. न कळवलेला बदल आणि तोच अपघाताचं कारण, असं त्याने लिहिलं की दावा वर्षानुवर्षं लोंबकळतो. समोरच्या माणसाची भरपाई कुणाच्या खिशातून जाईल याचा विचार करा.

खोडकर_पाना (१२ जून, दुपारी १२:४०)

स्प्रिंगा, सायलेन्सर, सीट, डिफ. चार पंचे वीस. हजार.

मिल्टनकर (१२ जून, संध्याकाळी ६:५५)

इंग्लंडहून नमस्कार. इथे हा प्रकार सर्रास चालतो. जुनी बीएमडब्ल्यू ई३६ किंवा माझदा एमएक्स-५ घ्यायची, डिफ वेल्ड करायचा, शनिवारी ड्रिफ्टच्या मैदानावर जायचं आणि त्याच गाडीने घरी यायचं. चांगला क्लच प्लेटचा लिमिटेड स्लिप (एका चाकाला एकटंच फिरू न देणारा डिफ) घ्यायचा तर कित्येकशे पौंड. वेल्ड म्हणजे मित्राला एक पिझ्झा. वार्षिक एमओटी तपासणीत डिफ कुणी उघडत नाही. पण विम्याला कळवावाच लागतो, आणि कळवला की हप्ता ऐकून बसायला होतं.

माझी एमएक्स-५ पहिल्या पिढीची, १.६ ची. हिचा सहा इंची डिफ मुळातच नाजूक म्हणून बदनाम. मी वेल्ड केला, आणि घर कुठे, तर मिल्टन कीन्सला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गावात सिग्नल कमी आणि राउंडअबाउट शंभराच्या वर आहेत. दूध आणायला गेलो तरी चार राउंडअबाउट. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, तुझ्या गाडीत मांजर अडकलंय का? सात महिन्यांत उजवा हाफ शाफ्ट गेला. मैदानावर नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण स्टिअरिंग वळवून. दातेरी_चक्र यांनी लिहिलेला तो पिळा.

आता ट्रेलर घेतलाय. वेल्डवाली गाडी ट्रेलरवर, मी दुसऱ्या गाडीत.

जाता जाता, अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे वेल्ड डिफला 'लिंकन लॉकर' म्हणतात. लिंकन ही वेल्डिंग मशिनची कंपनी.

आजोबा६८ (१२ जून, रात्री ८:१५)

अवांतर: रेल्वेची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, तिथेही डिफरन्शिअल नाही. मग ती वळते कशी? चाकाचा घेर बाहेरून आत किंचित वाढत जातो, शंकूसारखा. वळणावर गाडी जरा बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड घेरावर आणि आतलं बारीक घेरावर चालतं, हिशेब जुळतो. वळण फारच आवळ असेल तर जुळत नाही, आणि लोकलचा तो कानठळ्या बसवणारा चीत्कार ऐकू येतो. निळीच्या तळघरातला आवाज त्याच जातीचा.

बैलगाडीचं कुणी काढायच्या आत सांगतो: तिचा कणा स्थिर असतो, चाकं त्यावर मोकळी. ओढणारे बैल, चाकांना कुणी फिरवत नाही. प्रश्नच मिटला.

खोडकर_पाना (१२ जून, रात्री ८:२२)

मी बैलगाडीचंच लिहीत होतो. पुसलं.

ट्रॅक_दिन्या (१३ जून, सकाळी ११:००)

ठीक आहे, एक कबुली. ओम्नी विकली तेव्हा घेणाऱ्याला डिफचं सांगितलं नव्हतं. निळी दादांचं "साडेचार हजार घातले" वाचल्यापासून चैन नाही. काल त्याला फोन केला. तो म्हणाला, "बेअरिंग दोनदा बदललं राव, आवाज जाईचना." नवा डिफ बसवायचा अर्धा खर्च मी देतोय.

घाटवेडा (१३ जून, सकाळी ११:२०)

दिन्या, +१.

निळी_कॉन्टेसा (२ जुलै, रात्री १०:३०)

उशिराबद्दल माफी. तेलकट_हात यांनी सांगितल्याप्रमाणे तेल काढलं. चुंबकाला आधी नुसता चिखल आला, मग तांदळाएवढे पाचसहा दाणे, आणि शेवटी एक तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, एका बाजूने निळसर. मिस्त्रींनी झाकण उघडलं. चार ठिकाणी वेल्ड होता, त्यातले दोन तडकलेले. तिसरा मुळात नीट चिकटलेलाच नव्हता. गेल्या महिन्यात मी याच गाडीने कोल्हापूरला जाऊन आलो, मागच्या सीटवर आईला बसवून. त्या रात्री झोप आली नाही.

गाडी उभी आहे. आता जिथे कॉन्टेसा भंगारात गेल्यात तिथे पूर्ण ॲक्सल शोधतोय. कुणाला ठाऊक असल्यास सांगा.

तेलकट_हात (२ जुलै, रात्री १०:५८)

सुटलात. ॲक्सल घेताना रेशो तपासा, इंजिनप्रमाणे वेगळा असू शकतो. दोन्ही चाकं बरोबर एक पूर्ण फेरा फिरवायची आणि प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनकडून मागे डिफपर्यंत येणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजायचे, खडूने खूण करून. तुमच्या ॲक्सलचंही तसंच मोजा. आकडा जुळला तरच पैसे द्या. आणि घेतलेला ॲक्सल वेल्ड नाही ना, तेही बघा! एक चाक हाताने फिरवा आणि शाफ्ट दुसऱ्याला धरायला सांगा. दुसरं चाक उलटं फिरलं पाहिजे. हसू नका, मी एकाला असा दुसरा वेल्ड घेऊन येताना पाहिलाय.

कराडला एक ओळखीचे आहेत, नंबर व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवतो.

दातेरी_चक्र (३ जुलै, सकाळी ९:३०)

तडकलेल्या वेल्डचा जवळून फोटो मिळेल का? नव्या पोरांना दाखवायचाय. नाव येऊ देणार नाही.

निळी_कॉन्टेसा (१७ ऑगस्ट, रात्री ११:४०)

शेवट सांगायचा राहिला. कराडला ॲक्सल मिळाला, १८ हजार, रेशो जुळला, दुसरं चाक उलटं फिरलं (बघितलं!). सील, तेल, मजुरी धरून २७ च्या घरात. मूळच्या उंचीच्या स्प्रिंगाही टाकल्या. सायलेन्सर पुढच्या महिन्यात. सीट मात्र राहणार, कलम १८२-अ ला काय म्हणायचं ते म्हणू दे.

गाडी आता चौकात सहज वळते. इतकी सहज की पहिले दोन दिवस मी प्रत्येक वळणावर गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवत होतो आणि फुटपाथकडे जात होतो. हातांना जुनी ओढाताण पाठ झाली होती.

आणि एक झालं. आमचे वॉचमन काका तळघराचं फाटक रात्री माझ्यासाठी आपणच उघडायचे. मला वाटायचं माणूस प्रेमळ आहे. काल पाऊस, रात्रीचे साडेदहा, दोनदा हॉर्न मारला तेव्हा धावत आले. म्हणाले, "साहेब, रॅम्पच्या वळणावर चीं झालं की मी उठायचो. आता तुम्ही आल्याचं कळतच नाही."

खोडकर_पाना (१७ ऑगस्ट, रात्री ११:५२)

काकांसाठी एक घंटी बसवा, बैलाची. आजोबा देतील.

ट्रॅक_दिन्या (१८ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

दादा, जुना ॲक्सल विकणार आहात का? फक्त मैदानासाठी, ट्रेलरवर नेणार, आईशप्पथ. वेल्ड नीट घासून राखेत पुरून पुन्हा करून घेतो.

निळी_कॉन्टेसा (१८ ऑगस्ट, सकाळी ७:४०)

व्यनि करा. ट्रेलरचा फोटो जोडून.